उरलेली सौरवीज विटांत साठवावी की पाण्यात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रबाळे एमआयडीसीत तुमचा सॉस, चटण्या आणि फळांचा पल्प बनवण्याचा कारखाना आहे. शेडवर ४०० किलोवॅटचं सोलर बसवलंय. कामाच्या दिवशी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान साधारण ३०० युनिट वीज उरते, साप्ताहिक सुट्टीला १,४०० च्या आसपास. दुसरीकडे ताशी एक टन वाफेचा बॉयलर पाइप गॅसवर दोन पाळ्या चालतोय आणि गॅसचं बिल जड जातंय. एका विक्रेत्याने विटांची ‘हीट बॅटरी’ सुचवली आहे. उरलेल्या विजेवर विटा सातशे अंशांपर्यंत तापवायच्या आणि संध्याकाळच्या पाळीला त्यांतून हवा फिरवून वाफ काढायची. ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर ती यंत्रणा तुमच्यासाठी नाही. उष्णता साठवणं मात्र तुमच्या कामाचं नक्की आहे. ती ऐंशी अंशांच्या पाण्यात साठवा आणि पाणी तापवायला साध्या हीटरऐवजी हीट पंप (हवेतली उष्णता उचलून पाण्याला देणारं यंत्र) लावा. ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट आणि तळोजा इथल्या कारखान्यांत वाफ, गॅस आणि विजेचा हिशोब तपासणं हे माझं काम आहे, आणि उष्णता साठवण्याचं तंत्र आपल्याकडे रुजावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच ते चुकीच्या जागी बसू नये, याचीही काळजी वाटते. एका कारखान्यात असं यंत्र धूळ खात पडलं, तर शेजारचे दहा कारखानदार पुढची दहा वर्षं त्या वाटेला जात नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे ‘उरलेली वीज’ खरंच उरलेली आहे का ते बघा. उरलेल्या युनिटची किंमत शून्य धरूनच विक्रेत्याने तुम्हाला परतफेडीचा तक्ता दिला असणार. ती किंमत शून्य आहे की नाही, हे तुमच्या महावितरणच्या बिलावरून ठरतं. नेट मीटरिंगमध्ये बाहेर गेलेलं युनिट तुम्ही घेतलेल्या युनिटातून पूर्ण वजा होत असेल, तर ते उरलेलं नाहीच. ते तुमच्या पूर्ण दराचं युनिट आहे आणि त्यावर विटा तापवणं म्हणजे महाग वीज जाळून स्वस्त गॅस वाचवणं. ते फक्त त्याच वेळेच्या टप्प्यात वजा होत असेल, किंवा वर्षअखेरीला शिल्लक युनिट किरकोळ भावाने घेतली जात असतील, तर त्याची किंमत बरीच खाली येते. आणि तुमची जोडणी बाहेर वीज न पाठवणारी असेल, तर इन्व्हर्टर दुपारी स्वतःच उत्पादन दाबून ठेवतो. तिथे उरलेल्या युनिटची किंमत खरोखर शून्य असते. पण हे नुकसान कुठल्याच बिलावर दिसत नाही. त्यासाठी इन्व्हर्टरची नोंद काढून एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवसाचा आलेख बघावा लागतो. आलेखाचा माथा घुमटासारखा न दिसता कापल्यासारखा सपाट दिसला, तर वीज दाबली जातेय असं समजा.

वेळेनुसार दर हा भागही गेल्या काही वर्षांत उलटा झालाय. पूर्वी आपल्याकडे सवलत रात्री दहा ते सकाळी सहा असायची, म्हणून गिरण्या आणि भट्ट्या रात्री चालवायची सवय होती. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी आणि उद्योगांसाठी गर्दीच्या वेळी किमान १.२ पट, अशी दिशा त्यात ठरली. राज्यातली वेळापत्रकंही त्याच दिशेने सरकली. म्हणजे तुमच्या छतावर वीज तयार होते त्याच वेळात ग्रिडची वीजही स्वस्त. त्यामुळे सोलर बसवताना तुम्ही जो हिशोब केला होता तो आज तसाच्या तसा लागू पडत नाही. चालू दरपत्रक आणि शेवटची बारा बिलं समोर घेऊन बसा. उरलेल्या युनिटला तुम्हाला नक्की किती रुपये मिळतात हा एक आकडा काढल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येणार नाही.

दुसरा आकडा गॅसचा. हा मी कागदाच्या तुकड्यावर काढतो तसाच दाखवतो. पाइप गॅसच्या एका घनमीटरमध्ये वापरता येणारी उष्णता साधारण ८,५०० किलोकॅलरी असते. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे एका घनमीटरमध्ये पावणेदहा-दहा युनिटांइतकी उष्णता. बॉयलर पंच्याऐंशी टक्के कार्यक्षम धरला तर वाफेत त्यातली साडेआठच्या जरा खाली पोचते. विटांच्या साठ्यात टाकलेल्या विजेतली आठ-दहा टक्के गळते असं धरलं, तर एक घनमीटर गॅस वाचवायला सुमारे नऊ युनिट लागतात. यातून निघालेलं सूत्र सोपं आहे: गॅसच्या एका घनमीटरच्या भावाला नऊने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा स्वस्त वीज असेल तरच ती थेट उष्णतेत ओतणं परवडतं. समजा गॅस ५४ रुपयांना पडतोय, तर वीज सहा रुपयांच्या आत हवी, आणि तीही यंत्राची किंमत न धरता. डिझेलवर बॉयलर असेल तर लिटरच्या भावालाही साधारण नऊनेच भागायचं. डिझेल महाग असल्याने तिथे चित्र एकदम पालटतं. उलट शेतकचऱ्याच्या ब्रिकेटवर बॉयलर चालवणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. तिथली उष्णता इतकी स्वस्त असते की विजेला तिच्याशी स्पर्धा करता येत नाही.

आता यंत्राच्या आवाक्याकडे येऊ. साठ अंशांच्या पाण्यापासून सात बार दाबाची एक टन वाफ करायला सुमारे ७०० युनिट उष्णता लागते. तुमची रोजची ३०० युनिट विटांत टाकली आणि त्यातली पावणेतीनशे परत मिळाली, तर वाफ येते जेमतेम ४०० किलो. तुमचा बॉयलर पूर्ण भाराने चोवीस-पंचवीस मिनिटांत तेवढी देतो. गॅस वाचतो रोजचा तेहतीस घनमीटर. एवढ्यासाठी सातशे अंशांच्या विटा, उष्ण हवेचा पंखा, वाफ करणारा वेगळा एक्स्चेंजर, त्याचं नियंत्रण आणि त्याची देखभाल तुम्ही अंगावर घेणार. तंत्र चांगलं आहे, पण तुमच्याकडे त्याच्या पोटापुरती वीज नाही.

मग ती ३०० युनिट कुठे घालायची? इथे माझा प्रश्न वेगळा असतो. तुमच्याकडे उष्णता लागते ती किती अंशांची? वाफ सात बारला, म्हणजे १७० अंशांना तयार होते म्हणून सगळी उष्णता १७० अंशांचीच हवी, असा समज कारखान्यात आपोआप रुजलेला असतो. तुमच्या धंद्यातली कामं मी डोळ्यांसमोर आणतो. जॅकेट केटलमध्ये (वाफेवर तापणाऱ्या दुहेरी भिंतीच्या भांड्यात) सॉस शिजवायला वाफच हवी, कारण तिथे थोड्या जागेतून भरपूर उष्णता पटकन द्यायची असते. पण पाइपलाइन आणि टाक्यांच्या सीआयपी धुलाईला (न सोडवता जागच्या जागी धुण्याला) ७५ ते ८० अंशांचं पाणी पुरतं. क्रेट आणि बाटल्या धुवायला ५५-६० पुरेसं. फळं धुवायला आणि जमीन धुवायला त्याहून कमी. बॉयलरला जाणारं पाणी आज तीस अंशांनी जात असेल तर तिथेही उष्णता खपते. फीड वॉटर सहा अंशांनी वाढवलं की इंधनात साधारण एक टक्का बचत, हा आमच्याकडचा जुना आणि विश्वासाचा ठोकताळा आहे. यातली बरीचशी कामं आज तुम्ही टाकीत वाफ सोडून करत असाल. ऐंशी अंशांच्या कामासाठी १७० अंशांची वाफ करायची आणि ती थंड पाण्यात बुडवायची, यात गॅस तर जातोच, पण हीट पंपासारखं साधन वापरायची संधीही जाते.

हीट पंप वीज उष्णतेत बदलत बसत नाही. तो बाहेरच्या हवेतली किंवा वाया जाणाऱ्या पाण्यातली उष्णता उचलून वरच्या तापमानाला नेतो आणि त्या उचलण्यापुरती वीज घेतो. नवी मुंबईच्या हवेत, पाणी ऐंशी अंशांपर्यंत न्यायचं असेल, तर एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता मिळेल असं मी हिशोबात धरतो. कागदावर तीन-साडेतीनही लिहून मिळतं, पण मी अडीचच धरतो. आता तीच ३०० युनिट घ्या. उष्णता होते ७५०. एवढ्यात सत्तावीस अंशांचं १२,००० लिटर पाणी ऐंशी अंशांना जातं. गॅस वाचतो रोज ८५ ते ९० घनमीटर. विटांच्या तुलनेत अडीचपटीहून जास्त, आणि यंत्र नेहमीच्या चिलरसारखंच. तुमच्या एसी-रेफ्रिजरेशनच्या माणसाला ते कळतं आणि दुरुस्तही करता येतं.

तुमच्याकडे पल्पसाठी कोल्ड रूम किंवा चिलर असेल, तर याहून चांगला मार्ग आहे. चिलर आज उष्णता कूलिंग टॉवरवर टाकतो, पस्तीस-चाळीस अंशांच्या पाण्यातून. तेच पाणी हीट पंपाला स्रोत म्हणून द्या. उचलायची उंची कमी झाली की अडीचाचे साडेतीन होऊ शकतात आणि टॉवरवरचा भारही उतरतो. कोल्ड रूम असलेल्या अन्नप्रक्रिया कारखान्यात मी आधी हीच जागा शोधतो.

सूत्राच्या भाषेत सांगायचं तर विटांसाठी गॅसचा भाव भागिले नऊ, आणि हीट पंपासाठी, टाकीची गळती धरूनही, गॅसचा भाव भागिले साडेतीन. वरच्याच ५४ रुपयांच्या उदाहरणात वीज पंधरा रुपयांपर्यंत परवडते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हीट पंप तुमच्या उरलेल्या विजेवर अवलंबून राहत नाही. ढगाळ दिवशी, पावसाळ्यात, ग्रिडच्या विजेवरही तो गॅसपेक्षा स्वस्त पडू शकतो. उरलेली सौरवीज मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी यंत्र बसून राहत नाही. वर्षभर फिरणारं यंत्र आणि उन्हाची वाट बघणारं यंत्र यांच्या परतफेडीत मोठा फरक पडतो.

हाच मुद्दा सुट्टीच्या १,४०० युनिटांना लागू होतो. तो आकडा मोठा दिसतो म्हणून विक्रेता त्यावर बोट ठेवणार. विटांचं गणित असं: एक टन वीट पाचशे अंशांनी वर-खाली केली तर सुमारे १४० युनिट उष्णता धरते. १,४०० युनिटांसाठी दहा टन विटा हव्यात. बसवता येतील. पण सुट्टीच्या मापाने घेतलेला साठा पूर्ण भरणार आठवड्यातून एकदा, वर्षातून बावन्न वेळा. उरलेले दिवस तो एक-पंचमांश भरलेला असणार आणि तरीही बाजूंनी उष्णता सोडत राहणार. साठवणुकीच्या कुठल्याही यंत्राचा पैसा ते किती वेळा भरतं आणि रिकामं होतं यावर फिटतो. रोज भरणारी छोटी टाकी आठवड्याला भरणाऱ्या मोठ्या भट्टीपेक्षा जवळजवळ नेहमी सरस ठरते. म्हणून मोजमाप कामाच्या दिवसाच्या उरलेल्या विजेवर करा. सुट्टीच्या दिवशी टाकी भरून घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या सीआयपीला गरम पाणी तयार. उरलेली वीज कोल्ड रूम दोन अंश जास्त थंड करून ठेवण्यात घालवा, किंवा मिळेल त्या भावाने जाऊ द्या. सगळी वीज घरातच वापरली गेली पाहिजे हा हट्ट महागात पडतो.

टाकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यश-अपयश तिथे ठरतं आणि कोटेशनमध्ये तिच्यासाठी एकच ओळ असते.

१२,००० लिटरची टाकी बसकी न घेता उभी घ्या. दोन मीटर व्यास आणि चार मीटर उंची हे चांगलं माप. गरम पाणी हलकं असल्याने वर राहतं आणि थंड खाली. हा थर शाबूत राहिला तर वरून शेवटच्या लिटरपर्यंत ऐंशी अंशांचं पाणी मिळतं आणि खालून हीट पंपाला थंड पाणी जातं. थर मोडला तर अख्खी टाकी साठ अंशांची कोमट होते. उष्णता तेवढीच, पण सीआयपीच्या उपयोगाची नाही, आणि हीट पंपाची कार्यक्षमताही घसरते. कार्बन डायऑक्साइड हे रेफ्रिजरंट असलेल्या पंपाला तर थंड पाणी आत येणं अत्यावश्यक असतं. तीसवरून ऐंशीला एका फेरीत नेणं त्याला छान जमतं, साठवरून ऐंशीला नेताना तो मार खातो. म्हणून पाणी टाकीत शिरताना त्याचा वेग मोडणारे भोकांचे आडवे पाइप वर आणि खाली हवेत, आणि उंचीवर किमान पाच ठिकाणी तापमानाचे सेन्सर. एकच सेन्सर मधोमध बसवून दिलेली टाकी परत पाठवा.

गळतीची भीती बाळगू नका. शंभर मिलिमीटर रॉकवूलचं लॅगिंग, म्हणजे टाकीभोवतीचं उष्णतारोधक वेष्टण, असेल, तर या मापाच्या टाकीतून दिवसाला चौदा-पंधरा युनिट उष्णता जाते, म्हणजे साठ्याच्या दोन टक्के. मॅनहोल, व्हॉल्व आणि उघडे फ्लँज धरून चार-पाच टक्के. खरा शत्रू आहे ओलावा. आपला पट्टा ठाणे खाडीला लागून आहे, हवेत क्षार आहेत आणि चार महिने पाऊस आडवा येतो. क्लॅडिंगच्या, म्हणजे लॅगिंगवरच्या पत्र्याच्या, सांध्यातून पाणी आत गेलं की रॉकवूल स्पंजासारखं ते धरून ठेवतं. मग लॅगिंग उष्णता अडवत नाही, आणि आतल्या धातूला बाहेरून गंज लागतो तो वर्षानुवर्षं दिसत नाही. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला साठ अंशांच्या वर क्लोराइड मिळालं की गंजाऐवजी बारीक भेगा पडतात, आणि त्या अचानक कळतात. त्यामुळे ३१६ एल घेतलं तरी स्टेनलेसवर लॅगिंगखाली योग्य रंगाचा थर द्या. क्लॅडिंगचे सांधे पाणी ओघळेल अशा दिशेने एकावर एक घ्यायला सांगा, वरचा घुमट सील करून घ्या आणि दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, शिडी लावून तपासा.

आणखी दोन बारीक गोष्टी. सत्तावीसवरून ऐंशीला जाताना पाणी अडीच टक्के फुगतं, म्हणजे या टाकीत ३०० लिटर. त्याला जागा आणि उघडा व्हेंट हवा. आणि भरलेली टाकी बारा टनांच्या वर जाते, तीही तीन-सव्वातीन चौरस मीटरवर. ती शेडच्या गच्चीवर किंवा वरच्या मजल्याच्या गाळ्यात चढवायचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. प्लॉट भरावाच्या जमिनीवर असेल तर पाया तपासूनच घ्या. मोकळ्या मार्जिनमध्ये ठेवताना अग्निशमनाच्या गाडीची वाट अडणार नाही, हेही पाहावं लागतं.

कायद्याचा मुद्दाही पाण्याच्या बाजूचा आहे. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, पण शंभर अंशांच्या खाली पाणी तापवणारी भांडी त्याच्या व्याख्येतून बाहेर आहेत. विटांतून दाबाची वाफ काढणारं यंत्र मात्र बॉयलर खात्याच्या नोंदणीत येऊ शकतं. विक्रेत्याला याबद्दल लेखी विचारा. ‘ही बॅटरी आहे, बॉयलर नाही’ एवढं उत्तर पुरेसं नाही.

नियंत्रणाबद्दल थोडं. हीट पंप उरलेल्या विजेच्या मागे धावला पाहिजे. त्यासाठी वीज आत येते त्या मुख्य इनकमरवर सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारं साधन, बसवून पंपाचा वेग त्यानुसार कमी-जास्त करणारा ड्राइव्ह घ्या. ढग आला आणि सोलर खाली गेलं की पंपाने स्वतःहून माघार घ्यायला हवी. नाहीतर नेमक्या त्या अर्ध्या तासात तुमची कमाल मागणी वाढून डिमांड चार्ज वर जाईल, आणि महिन्याची बचत त्यात बुडेल. पण पंपाला दर पाच मिनिटांनी चालू-बंदही करू नका, कॉम्प्रेसर टिकणार नाही. टाकी आहे म्हणून तर आपल्याला एवढी मुभा आहे की तो हळूहळू चढो-उतरो.

पावसाळ्याचा हिशोब आधीच करून ठेवा. ठाण्यात वर्षाच्या सरासरीने एक किलोवॅट सोलर दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते निम्म्यावर येतं आणि तुमची उरलेली वीज जवळपास संपते. म्हणून गॅस बॉयलर काढायचा नाही. उलट गरम पाण्याचा भार उतरल्यावर तो बॉयलर कामासाठी मोठा ठरेल आणि वारंवार चालू-बंद होईल. प्रत्येक वेळी पेटण्यापूर्वी तो भट्टीत थंड हवा फिरवतो आणि तेवढी उष्णता धुराड्यातून जाते. बर्नर किती खालच्या भारावर स्थिर जळतो, ते तुमच्या सर्व्हिसवाल्याकडून समजून घ्या. बॉयलर जुना झाला असेल तर पुढचा निम्म्या क्षमतेचा घ्या.

विटा कुठे शोभतात तेही सांगायला हवं, कारण माझा विरोध तंत्राला नाही. तापलेल्या विटांत उष्णता धरून ठेवणं हे पोलाद उद्योगात फार जुनं आहे. एडवर्ड काउपर यांनी १८५७ मध्ये ब्लास्ट फर्नेसच्या हवेसाठी असे स्टोव्ह आणले आणि त्याच तत्त्वावरचे स्टोव्ह आजही चालतात. फिनलंडमधल्या कांकानपा इथे २०२२ पासून सुमारे शंभर टन वाळूत ८,००० युनिट उष्णता साठवतात. २०२५ मध्ये पोर्नाइनेन इथे एक लाख युनिटांचा मोठा साठा सुरू झाला, दोन हजार टन दळलेल्या दगडाचा. तिथे ते जमतं, कारण विजेचा भाव तासागणिक बदलतो आणि काही तास तो जवळजवळ फुकट असतो. साठाही मोठा आहे. लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की उष्णता धरणारं वस्तुमान आठपट होतं आणि उष्णता सोडणारा पृष्ठभाग फक्त चौपट, म्हणून मोठा साठा उष्णता चांगली राखतो. अबू रोडला ब्रह्माकुमारी संस्थेच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पात ७७० सौर डिश थेट उन्हाची उष्णता बिडाच्या गाभ्यांत साठवतात आणि सूर्य मावळल्यावरही वाफ काढतात. आणि आपल्या लातूरला महानंद डेअरीत २००६ साली बसवलेल्या ‘अरुण’ डिशने दूध पाश्चराइज करायला उष्णता साठवली ती दाबाखालच्या पाण्यात, विटांत नाही, कारण कामाला तेवढंच तापमान पुरत होतं.

आपल्या भागात विटांचा साठा मी कुणाला सुचवीन? तळोजा किंवा डोंबिवलीत थर्मिक फ्लुइड (उष्णता वाहून नेणारं तेल) अडीचशे अंशांच्या वर चालवणारा, डिझेल किंवा फर्नेस ऑइल जाळणारा, तीन पाळ्यांचा रासायनिक कारखाना, ज्याने ग्रीन ओपन ॲक्सेसमधून, म्हणजे ग्रिडच्या तारा वापरून थेट, दूरच्या सौर प्रकल्पाची वीज बांधून घेतली आहे आणि ज्याला दुपारी रोज काही हजार युनिट खपवायची आहेत. २०२२ च्या नियमांनी ओपन ॲक्सेसची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे असे ग्राहक आता वाढतील. अशा ठिकाणी मीही भागिले नऊचं सूत्र घेऊन, वहनाचा आकार आणि अधिभार धरून, आनंदाने हिशोबाला बसेन.

तुमच्यासाठी पुढचं काम असं. काहीही विकत घेण्याआधी दोन आठवडे मोजा. सीआयपी आणि धुलाईच्या पाइपवर गरम पाण्याचा साधा मीटर बसवा आणि दर पाळीला आकडा लिहा. माझं १२,००० लिटर हे उरलेल्या विजेवरून काढलेलं आहे. तुमचा खप रोजचा ५,००० लिटरच निघाला तर टाकी आणि पंप दोन्ही निम्म्याहून लहान होतील, नाहीतर उरलेली उष्णता फीड वॉटरला द्यावी लागेल. तिथेही एक अट आहे. केटलचं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, आधीच परत येऊन फीड टँक पंच्याऐंशी अंशांना असेल, तर तिथे जागा नाही. त्याच्याही वर नेलं तर फीड पंपात वाफेचे बुडबुडे होऊन पंप आवाज करू लागतो. कंडेन्सेट गटारात जात असेल, तर मात्र हीट पंपाच्या आधी ते परत आणा. गळणारे स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व) बदला. यात खर्च कमी आणि बचत लगेच, आणि त्यानंतर उरलेली गरज खरी असेल. मोठी टाकी आधी घेऊन नंतर ट्रॅप दुरुस्त केले तर टाकी अर्धी रिकामी राहील.

मोजणी झाली की तीन पुरवठादारांकडून कोटेशन मागवा आणि सगळ्यांना एकाच अटींवर बोलवा: आत येणारं पाणी तीस अंश, बाहेर जाणारं ऐंशी, हवा तीस अंश आणि दमट, स्रोत हवा की टॉवरचं पाणी ते स्पष्ट. सीओपी, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, या अटींवर लिहून घ्या, पंख्याची आणि पाण्याच्या पंपाची वीज धरून. तो जागेवर, उष्णता मीटर आणि वीज मीटर लावून सिद्ध होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवा. कॅटलॉगवर छापलेला आकडा बहुतेक वेळा पंचावन्न अंशांच्या पाण्यासाठी असतो आणि तुम्हाला ऐंशी हवंय, तेव्हा हा कागद सहीपूर्वीच हातात घ्या.